वाचेल त्याची पोथी

मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात एक हिब्रू बायबल ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं, आणि एरवी जुन्या कागदांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या आपल्या मंडळींना अचानक त्यात रस निर्माण झाला. कारण सरळ होतं. इसवी सन ९०० च्या आसपास चर्मपत्रावर लिहिलेल्या त्या ग्रंथाला ‘कोडेक्स ससून’ म्हणतात, आणि ज्यांच्यामुळे ते नाव पडलं ते डेव्हिड सॉलोमन ससून १८८० साली मुंबईत जन्मले होते. काळा घोड्याचं वाचनालय, कुलाब्याची गोदी, पुण्यातलं इस्पितळ आणि लाल देऊळ, सगळं त्याच घराण्याच्या नावावर. मग सुरू झालं. ग्रंथ मुंबईकराचा, तो तेल अवीवच्या संग्रहालयात कशाला? छे, तो तर सीरियातल्या एका गावच्या सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनागृहाचा), म्हणजे सीरियाचा. मुळीच नाही, तो ज्यूंचा, म्हणजे इस्रायलचा. व्यवहारी माणसांचा शेरा तर ठरलेला: पैसे मोजले त्याचा, विषय संपला.

वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा आणि २०२५ साली रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात घेतली तेव्हाही वाद याच सुरात झाले होते. तलवारीच्या बाबतीत एक वेळ ते चालून जातं. म्यानात राहिली तरी तलवार तलवारच असते. पोथी मिटून ठेवली की तिचं अर्धं जिणं संपतं. तरीही हिब्रू हस्तलिखितांवरचा सगळा वाद सातबाऱ्याच्या भाषेत चालतो: मूळ मालक कोण, वारस कोण, कब्जा कुणाचा. मला ही भाषाच इथे गैरलागू वाटते. कूळ कायद्याच्या काळात आपल्याकडे घोषणा होती, ‘कसेल त्याची जमीन’. पोथ्यांबद्दल माझं म्हणणं तेच आहे: वाचेल त्याची पोथी. जिथे ती वाचणारी माणसं आहेत आणि जिथे अनोळखी वाचकालाही दार उघडतं, तिथला दावा पहिला. जन्मगाव, धर्म, झेंडा आणि पावती या सगळ्यांचा नंबर त्यानंतर.

हे नुसतं घोषणेपुरतं राहू नये म्हणून असा ग्रंथ दिसतो कसा ते आधी पाहू. दहाव्या शतकात, गालील सरोवराकाठच्या तिबेरियाच्या परंपरेत लिहिलेलं बायबल उघडलं की पानावर तीन उभे रकाने दिसतात. ठसठशीत अक्षरं फक्त व्यंजनांची. स्वर म्हणजे त्यांच्या खाली-वर दिलेले बारीक ठिपके आणि रेघा, आणि त्यांच्या जोडीला पठणाचा सूर सांगणाऱ्या खुणा. पुष्कळदा व्यंजनं एकाने लिहिलेली असतात आणि स्वर दुसऱ्या जाणत्याने दिलेले. समासात आणि पानाच्या वर-खाली त्याहून बारीक अक्षरांत ‘मसोरा’ नावाच्या टीपा: हा शब्द या रूपात अख्ख्या बायबलमध्ये इतक्याच वेळा येतो, हा एकदाच, इथे एक अक्षर जास्त दिसतंय ते बरोबर आहे, सुधारायला जाऊ नका. समुद्र ओलांडल्यानंतरचं मोशेचं गीत लिहिताना ओळी भिंतीतल्या विटांसारख्या रचतात, मजकुरावर मोकळी जागा आणि मोकळ्या जागेवर मजकूर. पुढच्या शतकांत स्पेन आणि जर्मनीतल्या लेखनिकांनी या टीपांच्या ओळीच वळवून त्यांचे पशू, पक्षी, वेली आणि जाळ्या केल्या. भिंग लावून पाहिलं तर एखाद्या श्वापदाची आयाळ म्हणजे शब्दांची मोजदाद निघते.

सोन्याचा वर्ख आणि निळी शाई यांचीही या पुस्तकांना हौस होतीच. पण त्यांचं खरं देखणेपण पुढच्या वाचकाने चुकू नये या काळजीतून आलेलं आहे. सिनेगॉगमधली तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची, गुंडाळी तर आणखी कडक. त्यात ३,०४,८०५ अक्षरं, स्वरचिन्ह एकही नाही, आणि एक अक्षर तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. जी दुरुस्त होण्यापलीकडे गेली ती शोभेला ठेवायची पद्धत नाही. ती गेनिझाच्या, म्हणजे जुने पवित्र कागद ठेवण्याच्या, कोठीत जाते आणि पुढे माणसासारखी पुरली जाते. बाराव्या शतकात यहूदा इब्न तिब्बोन या भाषांतरकाराने मुलासाठी एक उपदेशपत्र लिहून ठेवलं. त्यात व्यापार-व्यवहाराच्या सूचनांबरोबर ग्रंथांच्याही आहेत: यादी करून ठेव, ओल आणि उंदरांपासून जप, आणि ज्याची विकत घ्यायची ऐपत नाही त्याला वाचायला दे, फक्त परत आणून देणारा पाहून दे. (हा शेवटचा सल्ला आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकप्रेमी बापाने दिलेला आहे.) ज्या परंपरेने पुस्तकाचं मोल स्वतःच असं ठरवून ठेवलं, तिच्या पुस्तकांचा निवाडा आपण नकाशावर आणि चलनावर करायचा?

आता यावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप. ‘तुम्हाला वाचता येत नाही, आम्ही वाचतो, तुमच्याकडे कुजेल, आम्ही जपतो’ हे वाक्य साम्राज्यांनी जगभर वापरलं आहे. पार्थेनॉनची शिल्पं लंडनमध्ये का, याचं उत्तर दोनशे वर्षं असंच दिलं गेलं. वाचेल त्याची पोथी म्हटलं की लुटारूच उद्या चष्मा लावून वाचक म्हणून उभा राहील. हा धोका काल्पनिक नाही. कूळ कायद्यातही कित्येक जमीनदारांनी ‘स्वतः कसतो’ असं कागदावर लिहून जमिनी राखल्या होत्याच.

म्हणून कैरोचं उदाहरण जरा नीट तपासू. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत शेकडो वर्षं कागद साठत गेले. देवाचं नाव ज्यावर आहे ते फेकायचं नाही म्हणून सुरुवात झाली, आणि पुढे हिब्रू अक्षरात लिहिलेलं काहीही तिथे पडू लागलं: प्रार्थना, करार, लग्नाचे कागद, मुलांच्या पाट्यांसारखी बाराखडीची पानं, किराण्याच्या याद्या, व्यापाऱ्यांची पत्रं. १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासातून काही पानं विकत आणली. त्यातलं एक केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांनी ओळखलं. बेन सिराच्या प्राचीन उपदेशग्रंथाचा हिब्रू पाठ होता तो, शतकानुशतकं फक्त भाषांतरांतूनच लोकांना माहीत असलेला. त्याच वर्षअखेरीला शेख्टर कैरोला गेले, तिथल्या प्रमुख रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) परवानगी घेतली आणि सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. परवानगी होती हे खरं. पण त्या वेळी इजिप्त ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होता हेही तितकंच खरं, आणि अशा काळात मागणारा आणि देणारा एका पातळीवर नसतात.

केंब्रिजचा दावा मग कशावर उभा आहे? आणल्यावर नाही. शेख्टरना महत्त्वाचे वाटले ते तुकडे निवडले गेले आणि उरलेल्या पेट्या अर्धशतकभर तशाच पडून राहिल्या. त्या अर्धशतकापुरतं केंब्रिजसुद्धा नुसतं कागदोपत्री कसणारं जमीनदारच होतं. श्लोमो गोइताइन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकात त्या पेट्यांत हात घातला तेव्हा त्या कचऱ्यातून मध्ययुगीन भूमध्य समुद्राचं अख्खं जग उभं राहिलं. त्यात आपला किनाराही आला. अब्राहम बेन यीजू नावाचा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला राहिला, तिथे त्याने पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला, आशू नावाच्या दासीला मुक्त करून तिच्याशी संसार केला. एडनचे मित्र त्याला मालाबरोबर कोरे कागदही भेट पाठवत, कारण लिहायचा कागद इकडे मिळायचा नाही. हे सगळं जगाला कळलं ते कुणीतरी बसून वाचलं म्हणून. हक्क मिळाला तो तेव्हा.

याच कसोटीने कैरोचाही हक्क मी नाकारणार नाही. गेनिझातला मोठा हिस्सा अरबी भाषेत आहे, फक्त लिपी हिब्रू. म्हणजे आजचा इजिप्शियन विद्यार्थी बावीस अक्षरं शिकला की आपल्याच शहराचा इतिहास आपल्याच बोलीच्या जवळच्या भाषेत वाचू शकतो. त्याने ती शिकू नयेत असा नियम केंब्रिजने केलेला नाही. आपल्याला ही अडचण नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत. भाषा आपली, पण लिपी आपल्यालाच बंद. इंग्रज सरकारने पेशवे दप्तर दीर्घकाळ अभ्यासकांना खुलं केलं नाही याचा राग आपण अजून काढतो. आता ते खुलं आहे. मोडी वाचणारे किती आहेत, हा प्रश्न मात्र कुणी मोर्चात विचारत नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. ग्रंथ म्हणजे निव्वळ मजकूर असं तुम्ही शहाणे लोक समजता. श्रद्धावंताच्या लेखी तो वाचायचा नसून राखायचा असतो. देवघरातला टाक कुणी ‘वाचत’ नाही. मग ज्या समाजाने एखादी पोथी प्राणपणाने राखली, त्याच्याकडून ती वाचकांच्या नावाखाली काढून घ्यायची?

याला उत्तर अलेप्पोच्या ग्रंथाने दिलं आहे, आणि ते उत्तर सुखाचं नाही. साधारण ९३० साली तिबेरियात श्लोमो बेन बुयाआ याने तो लिहिला आणि आरोन बेन आशेर याने त्याला स्वर आणि मसोरा दिला. हिब्रू बायबलची इतकी काटेकोर प्रत दुसरी नाही असं मानतात. तो आधी जेरुसलेमला गेला. १०९९ मध्ये क्रुसेडरांच्या हाती पडला, आणि खंडणी भरून सोडवून इजिप्तला आणला गेला. तिथे थोर ज्यू धर्मपंडित मायमोनिदिस यांनी तो समोर ठेवून तोरा कशी लिहावी याचे नियम ठरवले. चौदाव्या शतकाच्या शेवटी तो सीरियातल्या अलेप्पोला आला आणि सिनेगॉगमधल्या लोखंडी पेटीत बंद झाला. ग्रंथावर शापवाणी होती, विकणाऱ्याला आणि चोरणाऱ्याला. तिथल्या समाजाने तो साडेपाचशे वर्षं जिवापाड सांभाळला, त्याच्यापुढे दिवे लावले, शपथा घेतल्या. पण अभ्यासकांना तो दाखवायला ते नाखूश असत आणि छायाचित्रं घेऊ देत नसत. १९४३ मध्ये उंबेर्तो कासुतो हे विद्वान जेरुसलेमहून गेले. त्यांना काही दिवस पाहू दिलं, फोटो मात्र काढू दिले नाहीत.

१ डिसेंबर १९४७ ला, पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांत मतदान झाल्यानंतर, अलेप्पोत दंगल उसळली आणि सिनेगॉग जाळलं गेलं. ग्रंथ जळाला असंच जगाला सांगण्यात आलं. १९५८ मध्ये तो एका चीजच्या व्यापाऱ्याने कपडे धुण्याच्या यंत्रात दडवून तुर्कस्तानमार्गे जेरुसलेमला पोचवला. मूळ सुमारे ४८७ पानांपैकी २९५ च्या आसपास उरली होती. गेली ती कोणती? जवळजवळ अख्खी तोरा, म्हणजे ज्यासाठी मायमोनिदिस यांनी तो पाहिला होता नेमका तो भाग. पानं आगीत गेली की माणसांच्या हाती लागली यावर अजून वाद आहे. दंगलीनंतर सिनेगॉगच्या जमिनीवर पडलेला एक तुकडा एका गृहस्थाने उचलला आणि पुढे ब्रुकलिनमध्ये कित्येक दशकं तावीज म्हणून पाकिटात बाळगला. त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये, तो जेरुसलेमला आला.

त्या गृहस्थाची श्रद्धा मी हसण्यावारी नेणार नाही, आणि अलेप्पोच्या रब्बींचीही नाही. त्यांनी राखला नसता तर ही २९५ पानंही उरली नसती. पण कासुतोंना एक कॅमेरा नेऊ दिला असता तर? काही दिवसांचं काम होतं. आज मसोराच्या अभ्यासकांना तोराचा तो पाठ जुन्या अवतरणांवरून आणि इतरांच्या टिपणांवरून तर्काने जुळवावा लागतो. श्रद्धेने पोथी राखली, आणि त्याच श्रद्धेने तिचा गाभा वाचकांपासून इतका लांब ठेवला की तो गेल्यावर मागे काहीच राहिलं नाही. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाडे आणि माळे धुंडाळत हिंडले ते याच भीतीने. घराण्याचे कागद परक्याला दाखवायचे नाहीत असं म्हणणाऱ्या किती घरांचे कागद आज शिल्लक आहेत? राजवाड्यांनी उतरवून छापले तेवढे आहेत.

तिसरा दावा सरकारांचा, आणि तिथे सगळ्यात ताजी जखम बगदादची आहे. मे २००३ मध्ये अमेरिकन सैनिक सद्दामच्या गुप्तहेर खात्याच्या इमारतीत शस्त्रांचा शोध घेत होते. तळघरात कमरेएवढं पाणी होतं आणि त्यात २,७०० च्या आसपास पुस्तकं आणि हजारो कागद तरंगत होते: १५६८ मध्ये व्हेनिसला छापलेलं बायबल, तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्र-चर्चेचा ग्रंथ, शाळेच्या हजेऱ्या आणि गुणपत्रकं. हा सगळा ऐवज बगदादच्या ज्यूंकडून जप्त केलेला. बुरशी वाढू नये म्हणून तो गोठवला, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नेला, एकेक पान सुकवून दुरुस्त केलं, छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली. करार असा होता की काम संपलं की सगळं इराकला परत जाणार. ती परतीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे.

इराकची बाजू दुबळी नाही. ज्या युद्धात हे सापडलं त्याच युद्धात बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, राष्ट्रीय ग्रंथालय जळालं. स्वारी करणाऱ्या देशाने एखादा ऐवज ‘वाचवण्यासाठी’ नेणं हे कुणाच्याही कानाला खटकावं. शिवाय इराकी अभ्यासक म्हणतात की ज्यू हे आमच्या इतिहासाचा भाग होते आणि तो भाग आमच्या मुलांना दिसला पाहिजे. हे म्हणणं उदार आहे आणि खरंही आहे; अडीच हजार वर्षांचं नातं होतं ते. मुंबईचे पहिले डेव्हिड ससून बगदादहूनच आले होते.

पण १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० ज्यू नागरिकत्व सोडून विमानांनी इस्रायलला गेले तेव्हा त्यांची मालमत्ता त्याच सरकारने गोठवली. आज बगदादमध्ये ज्यू बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ज्या मुलींची गुणपत्रकं त्या ढिगात आहेत त्या आता आज्या झाल्या आहेत, लंडनमध्ये, रामत गानमध्ये, न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्यातल्या बहुतेकींना ती पाहायला बगदादला जाता येणार नाही. माणसांना घालवायचं आणि त्यांची पुस्तकं राष्ट्रीय वारसा म्हणून परत मागायची, याला काय म्हणायचं? २०१३ मध्ये या ऐवजातले दुरुस्त न होण्याजोगे तोराचे तुकडे इराकच्या संमतीने न्यूयॉर्कजवळ विधिपूर्वक पुरले गेले. तेवढ्यापुरतं इराकनेही मान्य केलं की यांचं काय करायचं हे ठरवणारे लोक दुसरीकडे आहेत.

हा पेच पहिल्यांदा पडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ ओफेनबाखच्या गोदामात नाझींनी लुटलेली सुमारे तीस लाख पुस्तकं गोळा झाली. ज्यांचे धनी जिवंत होते त्यांची परत गेली. पण पाचेक लाख पुस्तकांना वारसच नव्हता. मालक, त्यांची मुलं, त्यांचं गाव, सगळंच संपलं होतं. जुन्या नियमाने ती पोलंडला, जर्मनीला, म्हणजे ज्या भूमीवरून आली तिथे जायला हवी होती. तसं झालं नाही. ज्यू संस्थांनी मिळून एक न्यास केला, तत्त्वचिंतक हाना आरेंट त्याच्या कार्यकारी सचिव होत्या, आणि ती पुस्तकं जिथे वाचणारे जिवंत होते तिथे, मुख्यतः इस्रायल आणि अमेरिकेत, वाटली गेली. युरोपात उरलेल्या मूठभर ज्यूंना हे आवडलं नाही, आणि त्यांचं दुःख समजण्यासारखं होतं.

वर्म्स शहराची गोष्ट त्यातली सगळ्यात अवघड. १२७२ साली लिहिलेला सणांच्या प्रार्थनांचा ग्रंथ शतकानुशतकं त्या शहरात होता. नाझी काळात तिथल्या पुराभिलेखपालाने तो जिवाची जोखीम घेऊन दडवला. वर्म्सला तो सोडवेना, आणि का सोडवावा? तरी १९५७ मध्ये तो जेरुसलेमला गेला. त्या ग्रंथातल्या एका मोठ्या हिब्रू शब्दाच्या अक्षरांच्या पोकळीत लेखनिकाने यिडिश या युरोपीय ज्यूंच्या बोलीतली एक ओळ लपवली आहे, त्या भाषेतलं आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं वाक्य. हा जड ग्रंथ सिनेगॉगपर्यंत वाहून नेणाऱ्याचं भलं होवो, एवढंच ती म्हणते. वर्म्समध्ये तो वाहून नेणारा कुणी राहिला नव्हता.

मग ज्यूंची पुस्तकं फक्त ज्यूंकडे असावीत असं मी म्हणतोय का? तसं असतं तर सारायेव्होचा हग्गादा मला अडचणीचा ठरला असता. चौदाव्या शतकातला हा स्पॅनिश ग्रंथ वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा. पानांवर सांडलेल्या द्राक्षारसाचे डाग अजून दिसतात. १९४२ मध्ये जर्मन सेनापती तो मागायला आला तेव्हा संग्रहालयाचे मुसलमान ग्रंथपाल देर्विश कोर्कुत यांनी तो सफाईने बाहेर काढून डोंगरातल्या एका मुस्लिम खेड्यात दडवला. १९९२ च्या ज्या वेढ्यात शहराचं राष्ट्रीय ग्रंथालय जळालं, त्यातही तो पुन्हा वाचला. आज तो बहुसंख्य मुसलमानांच्या शहरात आहे, काचेमागे आहे, त्याच्या हुबेहूब प्रती जगभर वल्हांडणाच्या पाटावर ठेवल्या जातात. अलीकडे त्याच्या तिकिटाचे पैसे पॅलेस्टिनी लोकांना देण्यावरून वाद पेटला, तर काहींनी लगेच ‘ग्रंथ काढून घ्या’ म्हणायला सुरुवात केली. तिकिटाच्या पैशाबद्दल भांडा. ज्या शहराने दोनदा जीव धोक्यात घालून तो राखला आणि कुणालाही पाहू दिला, त्याचा हक्क एका निर्णयावरून संपत नाही. तसंच म्युनिकचं. बॅबिलोनी तालमूदचं जवळजवळ संपूर्ण असं एकमेव हस्तलिखित, १३४२ चं, तिथल्या सरकारी ग्रंथालयात आहे. १२४२ मध्ये पॅरिसला गाड्या भरभरून आणि १५५३ मध्ये रोमला तालमूद जाळले गेले. अशा जाळपोळींच्या काळातून टिकलेलं हे एक आज म्युनिकमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात एका रब्बीने ते वर्षानुवर्षं तिथे बसून छापील पाठाशी ताडून पाहिलं आणि पाठभेदांचे खंडच्या खंड काढले. दार उघडं होतं, वाचणारा आला.

‘आता सगळं स्कॅन झालंय, मूळ कुठेही असो’ हा युक्तिवाद मला आवडतो, पण अर्ध्यावरच. १९५० मध्ये इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी मूळ ग्रंथ मागत बसण्यापेक्षा जगभरच्या हिब्रू हस्तलिखितांची सूक्ष्मपटं (मायक्रोफिल्म) गोळा करायचं ठरवलं. कुणाचीही वस्तू न हलवता जेरुसलेममध्ये जवळजवळ सगळ्या ज्ञात हस्तलिखितांची चित्रं जमली, आणि आता ती घरबसल्या पाहता येतात. शहाणपणाचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. पण चित्र कातड्याची जात सांगत नाही, आखणीची टोचणी दाखवत नाही. कैरोच्या काही पानांवर वरच्या हिब्रू मजकुराखाली खरवडलेली जुनी ग्रीक अक्षरं आहेत. ती वाचायला मूळ पानच हाती लागतं.

राहिला पैसा. ससूनांनी तो ग्रंथ १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतला. त्यांनी एकेक हस्तलिखित स्वतः वाचून, ताडून, १९३२ मध्ये आपल्या हजाराहून अधिक ग्रंथांची दोन खंडांची वर्णनात्मक सूची छापली. धनवान होते, पण वाचक होते. माझ्या हिशोबाने तो संग्रह त्या काळात योग्य हातांत होता. पुढे घराण्याला तो विकावा लागला. १९७८ मध्ये हाच ग्रंथ ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने घेतला, गुंतवणूक म्हणून. अकरा वर्षांनी दसपट किमतीला विकला. एक हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी शब्द मोजून ठेवले ते रेल्वेवाल्यांच्या निवृत्तिवेतनाला हातभार लावायला! लिलावाचं वाईट किमतीत नाही. घेणारा उद्या ग्रंथ तिजोरीत ठेवून विसरला तरी त्याला विचारणारा कुणी नाही, यात आहे. २०२३ ला तो संग्रहालयाला देणगी म्हणून गेला हे नशीब, नियम नव्हे. सरकारांना कायदा करायचाच असेल तर ‘निर्यातबंदी’च्या आधी ‘वाचनबंदीवर बंदी’ करावी.

आणि मुंबईचा हक्क? पुण्यात १८७४ मध्ये बेने इस्रायलांसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, एक हग्गादा छापला गेला, हिब्रू आणि मराठी शेजारी-शेजारी. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांकडे शतकानुशतकं पुस्तकं नव्हती. एक-दोन प्रार्थना आणि सण तेवढे तोंडी टिकले. हिब्रूचं व्याकरण मराठीत १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने लिहिलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या पंडिताने प्रार्थना मराठीत आणल्या. त्या पुस्तकांच्या प्रती आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि ज्यांच्या पणज्यांसाठी ती छापली त्यातले बहुतेक लोक इस्रायलमध्ये आहेत. त्यांच्यातले काही तिथून मराठी नियतकालिकही काढतात. पण या पुस्तकाला दोन डोळे लागतात. जेरुसलेममध्ये त्याचं हिब्रू कुणीही वाचेल, १८७४ चं मराठी वाचणारे दर पिढीला कमी होणार. पुण्यात मराठी वाचणारे लाखो, त्या शेजारचा रकाना वाचणारे किती?

माझ्याच कसोटीने पाहिलं तर तो हग्गादा परत मागायचा अधिकार आज पुण्याला नाही. राजपूरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते, म्हणजे एके काळी इथे ती भाषा घेऊन परीक्षेला बसणारी मुलं होती. तसे दहा विद्यार्थी पुन्हा तयार करायला, आणि त्यांना मोडीही शिकवायला, लंडनच्या लिलावात एका तलवारीसाठी राज्य सरकारने मोजले त्याहून जास्त पैसे लागणार नाहीत.